मॅक्लाउडबाईंचा पहिला पाहुणा

एकतीस डिसेंबरच्या दुपारी नीलेश गोडबोले डोकं धुऊन आरशासमोर उभा राहिला. मग त्याने बायकोला हाक मारली. सुजाता धावत आली. पण आधी बोलली ती त्यांची बारा वर्षांची लेक स्पृहा. "बाबा, यू लुक लाइक अ कॅरट."

नीलेशचे केस हे त्या घरातलं गुपित होतं. दर महिन्याला सुजाता त्याच्या पांढऱ्या केसांना आधी मेंदी लावायची, ती धुऊन वर इंडिगोची पूड, की केस काळेभोर. कुवेतच्या शर्क भागातल्या ज्या क्लिनिकच्या लॅबमध्ये तो कामाला होता, तिथे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. टक्कल पडलेल्या काशिफने रहस्य विचारलं की नीलेश खुशाल सांगायचा, "कुछ नहीं भाई, नारियल का तेल." या वेळी पुण्याहून सासूबाईंनी दोन्ही पाकिटं मेंदीचीच पाठवली होती, आणि लावताना सुजाताने चष्मा घातला नव्हता.

एरवी हसून विषय संपला असता. पण उद्या नीलेशला साहेबांच्या घरी जायचं होतं, आणि बोलावणं केसांनाच होतं. लॅबचे प्रमुख मॅक्लाउडसाहेब स्कॉटलंडचे. त्यांची ऐंशीची आई हिवाळ्यापुरती कुवेतला आली होती. तिच्या गावाकडची रीत अशी, की नव्या वर्षात उंबरा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा पुरुष हवा आणि त्याच्या हातात कोळसा हवा. मग वर्षभर घरात ऊब राहते. तांबड्या केसांचा आला, तर वर्ष गेलंच म्हणायचं. साहेबांनी सगळ्या लॅबवरून नजर फिरवून नीलेशला निवडलं होतं. जानेवारीत सुपरवायझरही तेच निवडणार होते, आणि त्या जागेची नीलेश सात वर्षं वाट पाहत होता.

इंडिगो तीन दुकानांत मिळाली नाही. बाजारचा काळा रंग नीलेशला चालत नसे. एकदा लावला तर डोळ्यांच्या सुजून पुऱ्या झाल्या होत्या. नाही म्हणावं, तर साहेबांनी आईला शब्द दिलेला.

सुजाताला वेगळीच काळजी. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोणी लोकांकडे कोळसा नेतं का, त्यापेक्षा नारळ न्या, असं तिचं चाललं होतं. पण सकाळी तिनेच तंदूरसाठी आणलेल्या कोळशातला एक तुकडा उचलला आणि नवऱ्याच्या डोक्यावरून घासला.

"लांबून बरं दिसतंय," ती म्हणाली.

"किती लांबून?"

"शंभर किलोमीटरवरच्या खैरानवरून."

शेवटी वर कानटोपी आली. उरलेल्या कोळशाला सुजाताने हळदकुंकवाचं बोट लावलं, रेशमी पिशवीत घातलं आणि नवऱ्याला रवाना केलं.

म्हातारीने स्वतः दार उघडलं. नीलेशने उजवं पाऊल आत टाकलं, कोळसा दिला. बाई हरखल्या. मग त्यांनी टोपी काढायला सांगितलं. नीलेश म्हणाला, सर्दी आहे. साहेबांनी लगेच हीटर त्याच्या शेजारी आणून ठेवला. नीलेश घाबरला की त्याला घाम येई, आणि आता तर हीटरही होता. पाच मिनिटांत त्याच्या कपाळावरून दोन काळे ओघळ निघाले. टोपी काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

साहेबांचा चेहरा पडला. नीलेशने मेंदीपासून पुण्याच्या सासूबाईंपर्यंत सगळं खरंखरं सांगून टाकलं, खोबरेल तेलाचंसुद्धा.

बाई उठून आतून एक फोटो घेऊन आल्या. त्यातल्या तरुणाचे केस नीलेशसारखेच होते, गाजरासारखे.

"हे माझे यजमान," त्या म्हणाल्या. "नव्या वर्षी आमच्या दारात आले, तेव्हा माझ्या आईने दार उघडलं नाही. बर्फात तासभर उभे होते. मग मी मागचं दार उघडलं." फोटोवरून त्यांनी बोट फिरवलं. "पंचावन्न वर्षं संसार झाला. आईची रीत मी पाळते ती तिच्यासाठी. दार मात्र अजून ह्यांचीच वाट बघतं." मग त्यांनी नीलेशकडे पाहिलं. "एवढंच, की कोळसा हातात आणायचा असतो. डोक्यावर नाही."

सगळ्यात मोठ्याने हसले ते साहेब. नीलेशचेही डोळे भरून आले होते, पण त्यात कोळसाही गेला होता.

जानेवारीत नीलेश सुपरवायझर झाला, आणि केस पुन्हा काळेभोर झाले. पुढच्या डिसेंबरात साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आई पुन्हा येतेय, पहिला पाहुणा तूच हवास म्हणते, असं सांगून ते जरा घुटमळले.

"फक्त केस तिला गेल्या वेळचेच हवेत."

त्या संध्याकाळी सुजाताने चष्मा लावला आणि आईला फोन करून मेंदीची दोन पाकिटं मागवली.