उशिरा ओकल्याबद्दल फुटाणा

आज परभणीच्या कचेरीत मी खुर्चीवर बसून पगार घेतो, तो डाखोरे सरांमुळं. आईवडिलांचं ऋण वेगळं. ते फिटत नसतं. सरांचं ऋण फुटाण्यांचं आहे.

चारठाण्याच्या आमच्या शाळेत सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम फुटाणे असत. कुणी काही बरोबर केलं की ते त्याच्या तळहातावर फुटाणा ठेवत. मूठभर नाही, एकच. पोरांचं ठीक होतं. पण पाणी न घालता दूध दिल्याबद्दल गवळ्याला, आणि एकदा वेळेवर शाळेत आल्याबद्दल हेडमास्तरांनाही त्यांनी फुटाणा दिला. हेडमास्तरांनी आधी डोळे वटारले, मग इकडंतिकडं बघून तो खाल्ला.

बी.एड.ला मानसशास्त्राचा एक पेपर असतो. बाकीचे शिक्षक तो देऊन विसरले. सरांच्या तो अंगात शिरला. घंटा वाजवून खाऊ देत गेलं, की पुढं नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, याला अभिसंधान म्हणतात, हे आम्हाला आठवीतच पाठ होतं. अभ्यासक्रमात नव्हतं तरी. छडीला ते हात लावत नसत. "चूक दिसलीच नाही समजायचं. बरोबर दिसलं की लगेच बक्षीस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शेजारच्या चाचांची शेळी सरांच्या अंगणातली मेथी खायची. सरांनी तिला हाकललं नाही. तिनं मेथीवरून तोंड वळवलं की ते फुटाणा देऊ लागले. शेळी हुशार निघाली. ती यायची, मेथीला तोंड लावायची, सरांकडं बघायची, तोंड वळवायची, फुटाणा खायची आणि पुन्हा मेथीला तोंड लावायची. पुढं तिनं दोन मैत्रिणी आणल्या.

"मास्टरसाब, बकरीकू नौकरी लगा दिये तुम!" चाचा कुंपणावरून ओरडले.

"ती बरोबर शिकली, चाचा," सर गंभीरपणे म्हणाले. "शिकवणारा चुकला."

माझं दुखणं एस.टी.चं होतं. लहानपणी मामाच्या गावाला जाताना गाडीत पोटातलं सगळं बाहेर आलं, आणि तेव्हापासून नुसत्या डिझेलच्या वासानंही मला मळमळायचं. दहावी पास झालो. कॉलेज जिंतूरला, तिथं खोली घ्यायची ऐपत नाही, म्हणजे रोज गाडी.

"गाडीत बसता येत न्हाई तर कालेज कशाला पाह्यजे? वावरात ये," वडील म्हणाले. आईनं डोळ्याला पदर लावला.

हे ऐकून सर घरी आले. "सुट्टी संपेपर्यंत थांबा. ह्याला मी गाडीत बसवतो."

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बंद पुकारला की मुक्कामाला आलेली गाडी गावातच अडकून पडायची. सर म्हणाले, पहिल्या धड्याला उभी गाडीच बरी. आधी त्यांनी मला लांब लिंबाखाली बसवून फुटाणे चारले. मग गाडीच्या चाकाजवळ, मग पायरीवर, मग आतल्या बाकावर. येणारेजाणारे विचारायचे, "काय चाललंय मास्तर?" सर म्हणायचे, "अभिसंधान." ते मान हलवून पुढं जायचे.

गाड्या सुरू झाल्या तसे आम्ही एका फाट्यापर्यंत जायचं आणि चालत परत यायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी गाडी निघाली न निघाली तोच मी सरांच्या धोतरावर ओकलो. कंडक्टर धावत आला.

"आवं गुर्जी, गाडी कालच धुयली हो! तिकीट फाडू का दवाखान्यात सोडू?"

सरांनी आधी माझं तोंड पुसलं, मग धोतर. मग माझ्या हातावर फुटाणा ठेवला.

"आता ओकल्याबद्दल बी फुटाणा?" कंडक्टर थक्क.

"ओकल्याबद्दल नाही हो. उशिरा ओकल्याबद्दल. आधी पायरीवरच व्हायचं, आज गाडी हलल्यावर झालं!"

सुट्टी संपायच्या आत मी जिंतूरला कोरड्या कपड्यांनी उतरलो. पुढं रोजच्या गाडीनं बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. इलाजाचा परिणाम जरा जास्तच झाला: आजही डिझेलचा वास आला की मला भूक लागते.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. एकट्याचं घर, दाराशी अरुंद बोळ, त्यात आडवी लावलेली सायकल. सर चहा पिता पिता बोलत होते. वळणावर सहाच्या गाडीचा हॉर्न वाजला. सर वाक्य अर्धवट टाकून उठले, सायकल अंगणात नेऊन ठेवली आणि परत येऊन बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठून ती बोळात आणली. आलं कुणीच नाही.

"सर, कुणी येणार होतं?"

"बाई यायच्या ह्या गाडीनं. जिंतूरच्या दवाखान्यात नर्स होत्या ना. दोन्ही हातांत पिशव्या. त्या सायकलला अडकायच्या, आणि बोलणी मला बसायची." सर हसले. बाई म्हणजे सरांची बायको. त्या वारल्या, तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो.

"पण सर, बक्षीस थांबलं की सवय आपोआप जाते ना?"

"जाते की. हळूहळू जाते." त्यांनी कप उचलला. "घाई कुणाला आहे?"

परभणीला रुजू झाल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

"गुरुवर्य डाखोरे सर यांना सा. नमस्कार. नोकरी लागली, खोली मिळाली, गाडीचा त्रास नाही. शनिवारी सहाच्या गाडीनं आपल्याकडं यावं म्हणतो. दोन्ही हातांत पिशव्या असतील. एकीत आईसाठी घेतलेलं लुगडं, दुसरीत फुटाणे. बोळात सायकल आडवी असली तर लहान तोंडी मोठा घास घेऊन बोलेन, माफ करावं.

बक्षीस रोज मिळण्यापेक्षा अधूनमधून, अवचित मिळालं तर सवय जास्त टिकते, असं आपणच शिकवलं होतं. म्हणून कोणत्या शनिवारी येणार ते कळवत नाही. सायकल रोज सरकवत चला.

आपला आज्ञाधारक."