भरली की निघू

"जायचं तर दोघंच," हिरा म्हणाली. "तिसरं मानूस गाडीत बसलं, की मी उतरंन. आधीच सांगून ठिवते."

"अगं, दोघंच म्हनलं की दोघंच. गळ्याशपथ!" हनुमंतने गळ्याला हात लावला.

हनुमंत खोटं बोलणारा माणूस नव्हता. अडचण एवढीच होती की तो वडापवाला होता. पवनेच्या काठच्या गावांतून लोणावळ्याला त्याची जीप धावायची, आणि वडापच्या धंद्यात कायदा एकच, जीप भरल्याशिवाय हलत नाही. आत बसलेल्या कुणाची कोर्टाची तारीख असो की कुणाच्या भाच्याचं लग्न असो, हनुमंत शांतपणे तंबाखू मळत म्हणायचा, "भरली की निघू." शेवटचा माणूस कोंबला गेला की मागचं कुणीतरी पत्र्यावर दोन थापा मारायचं, "जाऊ द्या!" म्हणून ओरडायचं, आणि हनुमंत मागे वळूनही न बघता गिअर टाकायचा. रिकामी सीट त्याला बघवत नसे. घरी पंगत बसली तरी तो वाढणाऱ्याच्या आधी म्हणायचा, "सरका जरा, हितं अजून एक बसंल."

हिराला मात्र रिकाम्या जागेचं वेड लागलं होतं, आणि ते एका फोटोने लावलं होतं.

ती लोणावळ्यात एका बंगल्यावर कामाला जायची. शनिवार-रविवारी पर्यटक यायचे, "किती शांत आहे ना इथे!" असं म्हणायचे आणि लगेच स्पीकर लावायचे. ते गेले की सोमवारी हिरा चादरी बदलायची, गच्चीवरच्या बाटल्या गोळा करायची आणि सगळ्यात शेवटी दिवाणखान्यातला फोटो पुसायची. फोटोत समुद्र होता. लांबलचक वाळू, निळंशार पाणी आणि एक रिकामी खुर्ची. बस्स. माणूस म्हणून औषधाला नव्हता. काच कधीच स्वच्छ झालेली असायची, तरी हिराचा हात फिरतच राहायचा. हळूहळू तिला त्या काचेमागून लाटांचा आवाज यायला लागला. वाळू तळव्याला गार लागायची. त्या खुर्चीत आपण बसलोय, पदर वाऱ्यावर सोडलाय आणि जगात कुणालाही आपल्याकडून काहीही नकोय, असं तिला दिसायचं. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची आणि समुद्र परत भिंतीवर जायचा.

गर्दी नसलेला समुद्र शोधणं मात्र सोपं नव्हतं. कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने, कोमलने, मोबाइलवर खटाखट बोटं फिरवली.

"काकी, हा बघ. 'कोणालाही माहीत नसलेले शांत किनारे.' वीस लाख लोकांनी बघितलाय व्हिडिओ."

"वीस लाखांनी?" हिरा म्हणाली. "मग आता तितं उभं ऱ्हायला तरी जागा आसंल का?"

शेवटी वाट सापडली ती बाजारात. सुकी मासळी विकायला येणाऱ्या कोळणीला हिराने सहज विचारलं, "तुमच्या गावाला कोन येतं का वो फिरायला?"

"आमच्या कांदळवाडीला?" कोळीण खो खो हसली. "कोन मरायला येतंय? काय हाय तितं बगाया? निस्ता दर्या! बोटी, कणसं, झुले, सगली मजा पुढच्या गावाला. मानसं पन तितंच."

नुसता दर्या! हिराला फोटोतली रिकामी खुर्ची दिसली. कोळणीच्या जावेकडे एक खोली होती. हिराने तिथल्या तिथे मंगळवार ठरवला आणि बोंबील न घेताच घरी गेली.

मंगळवारी पहाटे धुक्यात जीप निघाली. हिरा पुढे, हनुमंतशेजारी. गेल्या दिवाळीची साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी-चटणी. मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या होत्या आणि हनुमंत आरशात त्यांच्याकडे बघून सारखा उसासे टाकत होता.

"पुढं बघा," हिरा म्हणाली.

गावाच्या कमानीखाली शेजारच्या नंदाबाई उभ्या होत्या. नंदाबाई म्हणजे गावाचा भोंगाच. त्या फोनवर बोलायला लागल्या की पलीकडच्या माणसाला फोनची गरज उरत नसे.

"हनुमंतभाऊ, लोनावळ्यापातुर सोडा की! रिकामीच तर चाललीय."

'रिकामी' हा शब्द हनुमंतच्या वर्मी लागला. त्याने हिराकडे बघितलं. हिराने काचेबाहेर बघितलं. शेजारणीला भल्या पहाटे रस्त्यावर टाकून जायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"लोनावळ्यापातुरच," हिरा म्हणाली.

फाट्यावर कोंडाजीआबा काठी टेकून उभे होते. त्यांना कानाने जेमतेम ऐकू यायचं. मंगळवारी लोणावळ्याच्या बाजाराला जायचं, समोर येईल त्या वडापला काठी दाखवायची आणि चढायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. गाडी नीट थांबायच्या आतच ते चढलेही.

"आबा, आमी समुद्राला चाललोय!" हनुमंत ओरडला.

"व्हय, व्हय, बाजारलाच," आबा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

"त्यांना बी लोनावळ्यात उतरवू," हनुमंत हिराला म्हणाला. हिराने डोळे मिटले. अजून समुद्र पुसट झाला नव्हता.

घात झाला तो लोणावळ्याच्या स्टँडवर. खरं तर तिथे फक्त नंदाबाई आणि आबांना उतरवायचं होतं. पण बैलाला जसा आपला गोठा कळतो, तशी त्या जीपला आपली जागा कळत होती. गाडी नेहमीच्या वडाखाली आपोआप लागली, हनुमंतचा उजवा हात आपोआप खिडकीबाहेर आला, आणि इतक्या वर्षांची सवय त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडली.

"चला, चला, चला! बसा पटापट! समुद्र, समुद्र, समुद्र! एकच सीट, समुद्र!"

स्वतःचा आवाज ऐकून हनुमंत स्वतःच दचकला. पण तोवर उशीर झाला होता. लोणावळ्यातून थेट समुद्राला वडाप सुटतंय, हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"समुद्र?" अर्ध्या उतरलेल्या नंदाबाई परत चढल्या. "मला म्हनली का न्हाईस गं, हिरे? थांबा, आमची लेक सविता हितंच लोनावळ्यात दिलीय. तिनं बी कुटं बघितलाय समुद्र?" फोन लागला. सविता आली. सोबत तिची नणंद आणि दोन जावा आल्या.

मग पाठीवर पिशव्या घेतलेलं एक तरुण जोडपं पुढे आलं. पुण्याहून लोणावळ्याला शांतता शोधायला आलेलं.

"काका, तिथे गर्दी नसते ना?" प्रतीक्षा नावाच्या त्या मुलीने विचारलं.

"अजाबात न्हाई," हनुमंत म्हणाला. "सरका वो जरा, मावशी. चौथी सीट बसतीय तितं."

दत्तोबा वाजंत्रीवाला नुसता तमाशा बघायला आला होता. "लगीनसराई संपलीय, घरी बसून तरी काय करू?" असं म्हणत तो ताशासकट चढला. एवढ्या गोंधळात आबांना उतरवायचं राहूनच गेलं. ते गाढ झोपले होते. पत्र्यावर दोन थापा पडल्या, कुणीतरी "जाऊ द्या!" म्हणालं, आणि हनुमंतने सवयीप्रमाणे गिअर टाकला.

घाट लागला तेव्हा कुठे त्याने शेजारी बघायचं धाडस केलं.

"हिरे," तो हळूच म्हणाला, "म्या मुद्दाम न्हाई केलं गं. तोंडातनं निसटलं."

हिरा उतरली नाही. समुद्र आता कधी नव्हे एवढा जवळ आला होता, आणि खंडाळ्याच्या घाटात उतरून जाणार तरी कुठे? तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिवाळीच्या साडीने डोळे पुसायचे नाहीत, म्हणून तिने ते तसंच वाऱ्यावर वाळू दिलं.

खोपोली, पाली, माणगाव मागे पडलं. गाडीत भाकऱ्या फिरल्या, भांडणं झाली, मिटली. दत्तोबाने ताशा वाजवला. हिराच्या भाकरी-चटणीचा तर पालीतच फन्ना उडाला. आणि दुपार कलता कलता एका वळणावर, सुरूच्या झाडांमधून, ते दिसलं.

अगदी फोटोतल्यासारखं होतं. लांबलचक वाळू आणि निळंशार पाणी. खुर्ची नव्हती, एक उपडी होडी होती. माणूस नव्हता.

मग जीपचं मागचं दार उघडलं.

"अगं बया, सविताऽ! फोटो काढ माझा! आधी माझा!"

"काका, इथे नेट नाहीये!"

"हितला पॉइंट कुटला?" दत्तोबाने विचारलं. लोणावळ्याकडच्या माणसाला पॉइंट असल्याशिवाय एखादी जागा बघितल्यासारखी वाटत नाही. "कनसं कुटं भाजत्यात? चिक्कीची दुकानं न्हाईत? मग बघायचं काय?"

कोंडाजीआबा काठी टेकत टेकत वाळूपर्यंत आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी बराच वेळ समोर बघितलं.

"ह्ये धरान कवा बांधलं?" त्यांनी विचारलं. "आन् बाजार कुटं हाय?"

कोळणीची जाऊ दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हे सगळं बघत होती. खोली दोघांची सांगितली होती. तिने मुकाट्याने अंगणात चटया टाकायला सुरुवात केली. हनुमंतला हिराच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होईना. तो जीप सुरूच्या सावलीत लावून स्टिअरिंगवर डोकं टेकून पडला. रात्रभर झोप नव्हती, लगेच डोळा लागला.

हिरा एकटीच लाटेच्या कडेला गेली. तिने चप्पल काढली. पाणी तळव्याखालून सरकलं तेव्हा वाळूसुद्धा थोडी थोडी निघून चालली, आणि क्षणभर तिला वाटलं, आपणही जातोय, हलकं होऊन. तिने डोळे मिटले. लाट आली. लाट गेली. आणि दत्तोबाने ताशावर काडी मारली. पाठोपाठ नंदाबाईंची हाक आली, "हिरे, तितं काय येड्यावानी उभीयस? ये की, भेंड्या लावू!"

हिराने डोळे उघडले. ती वळली आणि तरातरा चालत जीपच्या मागे गेली. तिला एकदम काहीतरी सुचलं होतं. वडापवाल्याशी इतकी वर्षं संसार केलेल्या बाईलाच ते सुचू शकत होतं. तिने कमरेला पदर खोचला आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"चला, चला, चला! बसा पटापट! पुढचा पॉइंट, पॉइंट, पॉइंट! बोटी, झुले, कनसं! गाडी सुटली, पॉइंऽट!"

गाडी सुटतेय म्हटल्यावर विचार करत बसणारा माणूस मावळात जन्माला यायचा आहे. नंदाबाई पळाल्या. त्यांच्यामागे सविता, नणंद आणि जावा पळाल्या. दत्तोबा ताशा डोक्यावर घेऊन आला. पुण्याचं जोडपं काय चाललंय ते न कळताही पळालं, कारण सगळे पळत होते. आबा तर सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. त्यांच्या मते बाजार उरकून परतीची वेळ झाली होती. हिराने दार लावलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या, धाड, धाड!

"जाऊ द्याऽ!"

हनुमंत धड जागाही झाला नव्हता. पण थापा पडल्या होत्या. हात किल्लीवर गेला, पाय क्लचवर गेला, आणि मागे वळून न बघता त्याने गाडी काढली. धूळ उडाली, ताशा लांब लांब गेला, आणि मग वळणापलीकडे सगळं विझलं.

हिरा उपड्या होडीला टेकून बसली.

सुरूच्या झाडांत वारा सूं सूं करत होता. ओल्या वाळूवर खेकडे लगबगीने कुठेतरी जात होते आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं, कुठे निघालात म्हणून. पाण्यावर ऊन पसरलं होतं, आणि जिथे आभाळ आणि पाणी शिवलं होतं तिथे टाका दिसत नव्हता. कुणाच्या चादरी नव्हत्या, कुणाच्या बाटल्या नव्हत्या. फोटोतला समुद्र हलत नसायचा. हा मात्र तिच्याच श्वासाबरोबर वरखाली होत होता. हिराला खूप बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की आता हे कुणालातरी सांगावं, असंही वाटायला लागलं. तिने सहज शेजारी बघितलं. शेजारी जागा होती आणि ती रिकामी होती.

सूर्य तांबूस झाला तेव्हा जीपचा आवाज आला. हिराने सुस्कारा सोडला आणि ताशाची वाट बघितली. ताशा वाजला नाही. दार एकच वाजलं.

हनुमंत वाळूतून येत होता. घामाघूम झालेला, केस विस्कटलेले. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"पार पुढच्या गावात गेलतो," तो म्हणाला. "तितं शेजारी बघतो तर सीट रिकामी. हिरे, काळीज लक्कन हाललं बघ माझं."

"आन् ती सगळी?"

"हायत तिकडं. कनसं खात्यात." तो थोडा घुटमळला. मग अपराध कबूल करावा तसा म्हणाला, "गाडी रिकामीच आनली. वाटंत मान्सं हात करत व्हती. थांबलो न्हाई."

हिरा त्याच्याकडे बघत राहिली. लग्नात त्याने मंगळसूत्र घातलं होतं, पुढे कधीतरी जोडवी केली होती. पण यातलं काहीही त्या रिकाम्या जीपएवढं मोठं नव्हतं. ती होडीलगत थोडी बाजूला सरकली.

"बसा. हितं एक बसंल."

हनुमंत बसला. लाटा येत होत्या, जात होत्या. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तो हळूच म्हणाला, "निघायचं का? वाट बघत असत्याल."

"भरल्याबिगर कसं निघायचं?"

"अगं, कोन हाय हितं भरायला?"

"गाडी न्हवं," हिरा समुद्राकडे बघत म्हणाली. "मन."

हनुमंतने विचार केला. कायदा तर त्याचाच होता. त्याने जीपची किल्ली खिशात टाकली आणि पाय वाळूत लांब केले. तेवढ्यात फोन वाजला, आणि नंदाबाईंचा आवाज फोन कानाला लावायच्या आधीच किनाऱ्यावर ऐकू आला, "भाऊऽ! कुटं ऱ्हायलात? कवा येताय?"

"आलोच, आलोच," हनुमंत शांतपणे तंबाखू मळत म्हणाला. "भरली की निघू."