सावकाश होऊ द्या

करडीच्या जागेश्वरच्या मुलीचं लग्न करडीत होऊ शकत नाही, ही गोष्ट तुमसरमधल्या एका दुकानात, चहा सांगून झाल्यावर, त्याला शांतपणे कळवण्यात आली.

दुकानाचं नाव ‘दोनाचे चार टूर्स अँड ट्रॅव्हल्स’. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे नागपूरच्या गाड्यांची तिकिटं मिळत आणि वर्षातून एकदा काशीची यात्रा निघे. पण काशीला माणूस जन्मातून एकदा जातो आणि लग्नाळू मुलंमुली बारमाही असतात, हे मालक धर्मेंद्रच्या ध्यानात आलं. तेव्हापासून त्याने जोडप्यांना डेस्टिनेशन वेडिंगसाठी साहाय्य करण्याचं व्रत घेतलं होतं. साहाय्याचे तीन फॉर्म होते आणि प्रत्येकाला परिशिष्ट होतं.

“नियम सोपा हाये काका,” धर्मेंद्र म्हणाला. “घरापासून शंभर किलोमीटरच्या आत केलं तं ते नुसतं लगन. शंभराच्या पल्याड गेलं का डेस्टिनेशन.”

“मंग करडी काहून नाई? मोठं आंगन हाये, तळं हाये, सावली हाये.”

“दुसऱ्यासाठी करडी डेस्टिनेशन होऊ शकते. तुमच्यासाठी ते घर हाये. नियमात नाई बसत.”

जागेश्वरने मुलीकडे पाहिलं. हर्षा फोनवर समुद्र बघत होती. तिचा होणारा नवरा अंकुश मूळचा जवळच्याच बपेरा गावचा, नोकरीला नागपुरात. त्याच्या ऑफिसातल्या पाच जणांची लग्नं पाच राज्यांत झाली होती आणि सहावं बपेऱ्यात वा करडीत करून ऑफिसात तोंड दाखवायची त्याची हिंमत नव्हती.

“टीनाचं राजस्थानात झालं बाबा,” हर्षा म्हणाली. “माहं काय बैलाईच्या बाजूले करता?”

एकुलत्या एका लेकीपुढे बापाचं काय चालणार? गोवा ठरला.

आता जागेश्वरचं दुखणं काय होतं, तेही सांगायला हवं. करडीत कुणाच्याही घरी लग्न निघालं की घरटी एक माणूस मांडवासाठी जांभळाच्या डहाळ्या तोडायला जातो, बाया तांदूळ निवडायला बसतात, आणि पंगतीत वरणाची बादली जागेश्वरच्या हाती येते. पंचवीस वर्षं त्याने ती वाहिली होती. वधूपिता मात्र बादली उचलत नाही. तो हात जोडून पंगतीतून फिरतो आणि प्रत्येकाला म्हणतो, “सावकाश होऊ द्या.” जागेश्वरला मुलगी एकच, म्हणजे हे वाक्य त्याच्या वाट्याला आयुष्यात एकदाच येणार होतं. गोठ्यात बैलांसमोर तो ते म्हणून बघत असे, आणि बैल खरोखरच सावकाश खात.

पॅकेजमध्ये मुलीकडची अठरा माणसं बसत होती. गावातून दोघांना नेलं तर उरलेलं गाव रुसेल, म्हणून जागेश्वरने गावातून कुणालाच नेलं नाही. नात्यातलेच अठरा मोजले. फक्त एका गोष्टीवर तो अडला.

“बैलं कोन पाहीन?”

धर्मेंद्रने जणू याच प्रश्नाची वाट बघितली होती. “घर-देखभाल सेवा हाये ना आपली. फुकट! किल्ली द्या आन इथं सही करा. परिशिष्ट क.”

परिशिष्टात लिहिलं होतं की ग्राहकाच्या अनुपस्थितीत, तसंच त्यानंतर पाच वर्षं, सदर वास्तू, अंगण व पशुधन यांचा सुयोग्य विनियोग करण्यास ग्राहकाची हरकत राहणार नाही. जागेश्वरने ‘पशुधन’ हा शब्द वाचला. बैलांची सोय झाली, या समाधानात त्याने सही केली.

गोव्याचं लग्न पॅकेजबरहुकूम लागलं. अक्षता वाऱ्याने उडाल्या, भटजीने पोथी दीड पानात आटोपली, आणि जेवणाची वेळ झाली तेव्हा जागेश्वर नवं धोतर सावरून, हात जोडून उभा राहिला. पण कुणी बसलेलंच नव्हतं. जो तो ताटली घेऊन चालत होता. जागेश्वर एका पाहुण्याच्या मागे दहा पावलं गेला, “सावकाश” एवढं म्हणाला, तोवर पाहुणा आइस्क्रीमच्या रांगेत शिरला. तेवढ्यात हॉटेलचा मॅनेजर आला.

“अंकल, लोकांना जरा पटपट आटपायला सांगा. लॉनवर पुढची पार्टी आहे.”

जागेश्वरने लोकांना पटपट आटपायला सांगितलं. आपल्या लेकीच्या लग्नात आपण नेमकं उलटं वाक्य बोललो, हे त्याला परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत पुरलं.

करडीत उतरला तर त्याच्याच अंगणात मांडव. जांभळाची पानं अजून पुरती सुकलीही नव्हती. कोपऱ्यात पत्रावळींचा ढीग आणि दोन्ही बैलांच्या शिंगांना गोंडे. शेजारचा श्यामराव ढेकर देत समोर आला.

“जागेश्वर, काय लगन झालं बाप्पा तुह्या घरी!”

“कोनाचं?”

“पुन्याकडच्या पोरीचं. त्याईले खेड्यातलं लगन पायजे होतं म्हनते. धर्मेंद्रनं दवंडी देल्ली, जागेश्वरच्या घरी लगन हाये, रीतीपरमानं या. आमाले वाटलं गोवा रद्द झाला. आमी डहाळ्या घिऊन आलो, मांडव टाकला, मंग नवरी पाह्यली तं दुसरीच!”

“मंग परत काहून नाई गेले?”

“मांडव टाकल्यावर कोनी परत जाते का? आन पंगत बसली होती.” श्यामराव जरा ओशाळला. “आहेरबी तिलेच केला गावानं. आता हर्षासाठी दुसऱ्यांदा कुठून आनाव?”

त्याच्या मागून आलेल्या शेजारच्या आनंदाबाईने डोळ्यांना पदर लावला. “पोरगी लय गुनाची. जाताना आमाले तीनदा रडाले लावलं त्या फोटोवाल्यानं. दोनदा खोटं रडलो. तिसऱ्यांदा हर्षाची याद आली, तं खरंच रडू आलं माय.”

जागेश्वर एका बैलाच्या शिंगाचा गोंडा सोडू लागला. मग त्याने विचारलं, “पंगतीत हात जोडून कोन फिरलं?”

“नवरीचा बाप. त्याले येत नव्हतं, कागदावर लिहून देल्लं धर्मेंद्रनं. चार वेळा वाचलं बिचाऱ्यानं. मस्त वाचलं.”

जागेश्वर तिथूनच उलट फिरला. त्याने थेट तुमसर गाठलं. झालं ते झालं, पण गावाला एक जेवण मी माझ्या अंगणात देणार, तारीख सांग, असं त्याने धर्मेंद्रला बजावलं.

धर्मेंद्रने वही उघडली आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. “आंगन आखाजीच्या सनापर्यंत फुल हाये काका. गावबी फुल हाये. गाववाल्याईले आता सुटी नाई, त्याईले पाहुने म्हनून हजर राहा लागते. श्यामरावच्याच पोरीचं लगन घ्या, गावात जागा नाई म्हनून तिले गोव्याचं पॅकेज देल्लं कालच.”

“मी काय करू मंग?”

“तुमाले मी विसरन का? एक जागा हाये. मागच्या पार्टीनं तक्रार केली, का वरनवाल्याचा हात कापते, अस्सल नाई वाटत. तुमचा पंचवीस वर्साचा अनुभव. फोटोत तुमीच पायजे.”

जागेश्वरला राग आला. पण दर लग्नाला आपलंच गाव आपल्याच अंगणात जेवायला बसणार आणि वरण भलताच कुणी वाढणार, हे त्याला त्याहून सहन झालं नाही. त्याने बादली उचलली.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला आहे. जांभळाचा हिरवा मांडव, मांडी घालून बसलेलं गाव, आणि वाकून वरण वाढणारा, कॅमेऱ्याकडे अजिबात न बघणारा एक म्हातारा. त्याखाली तुम्ही लिहिलंत, “हीच खरी श्रीमंती! आमच्या लहानपणी अस्संच होतं,” आणि पुढे दोन लाल बदाम टाकलेत. मग तारखा विचारल्यात. त्याच दिवशी तुमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, तुमच्याच गावी. त्यांनी दोनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा तुम्ही उचललात आणि म्हणालात, यायची फार इच्छा होती, पण एवढ्या लांब जमत नाही.