नाना साधा 'इंट' लिहीत नाहीत

आमच्या ऑफिसातले नाना हॉटेलात 'कट चहा' कधीच मागत नाहीत. "कट म्हणजे किती? पाचोऱ्याचा वेगळा, बोदवडचा वेगळा. माप सांगा!" हॉटेलवाला कपाळाला हात लावतो.

जळगावात आम्ही ठिबकचे कंट्रोलर बनवतो. केळीला पाणी कधी सोडायचं, कधी बंद करायचं, हे ठरवणारी डबी. तिचा प्रोग्रॅम नाना लिहितात. मी नवी असताना एका आकड्यासाठी साधा 'इंट' लिहिला, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, तर नाना खुर्चीतून उठलेच.

"किती बिटचा?"

"इंट म्हणजे इंट हो, नाना!"

"तुझ्या कॉम्प्युटरवर इंटला बत्तीस बिट जागा मिळते, डबीतल्या चिपवर सोळाच. नावातच माप लिही. 'इंट बत्तीस'. मग कुठेही ने, बदलणार नाही."

अस्सा राग आला मला! एवढ्याशा गोष्टीसाठी किती डोकं खायचं माणसानं?

कारण नंतर कळलं, तेही दुसऱ्यांकडून. नानांनी पहिली डबी चोपड्याच्या अक्कासाठी, सख्ख्या थोरल्या बहिणीसाठी बनवली होती. लिटर मोजायला साधा इंट. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर झकास चालला. शेतात मात्र मोजणी बत्तीस हजारांच्या पुढे गेली, चिपच्या सोळा बिटांत त्याहून मोठा आकडा मावेना आणि तो एकदम उणे झाला. डबीला वाटलं, पाणी दिलंच नाही. ती सोडतच राहिली. केळीची मुळं कुजली. अक्का चकार शब्द बोलली नाही, पण नानांनी चोपड्याला जाणं सोडलं ते सोडलंच. दुरुस्त केलेली डबीसुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवली.

परवा अक्काचा फोन आला, "पानी थांबत नई." नाना हातातलं काम टाकून उठले. मला गाडीत घालून निघाले. मळ्यात डबी उघडून पुन्हा पुन्हा तपासली.

"अक्का, काहीच बिघडलं नाही गं."

"माले ठाऊक शे," अक्का म्हणाली. "बठ्ठं बराबर शे. तूच येत नई, मंग काय करू?"

नाना डबीचं झाकण लावत बसले. ते काही केल्या लागेना.

"चाल, जराशी भाकर खाईसन जाय."

आता विचारतील, जराशी म्हणजे किती? मी वाटच बघत होते. नानांनी चपला काढल्या, हात धुतले आणि मुकाट्यानं पाटावर जाऊन बसले.