लवंग दोन, कोपऱ्यात

माझी बायको यमुना गेली ते मला टँकरपाशी कळलं. गेल्या वर्षीचा मे. नळाला आठ दिवस पाणी नव्हतं, म्हणून मी दवाखान्यातून तासाभरासाठी घरी आलो होतो. तिनंच पाठवलं होतं. "टँकर चुकवू नका," म्हणाली. पाईप हातात होता आणि मुक्ताआक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. मी ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि टाकी भरून घेतली. लोक नंतर मला काय काय बोलले! पण टाकी अर्धी सोडून गेलो असतो, तर यमुनाच आधी बोलली असती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं नुसती फजिती आहे आणि ती सगळी माझी आहे.

तर मंडळी, पॅटिस ही काही अवघड गोष्ट नाही! असं मी या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत समजत होतो. पॅटिस म्हणजे बेकरीतला, पदर सुटलेला, आत बटाटा-वाटाण्याची भाजी असलेला. यमुना तो घरी लाटायची, ट्रेमध्ये लावायची आणि भाजायला छावणी भागात मोहियोद्दीनभाईंच्या बेकरीच्या भट्टीवर न्यायची. न्यायचं काम तिचं, खायचं माझं. ट्रेच्या कोपऱ्यातला पॅटिस आमच्या मृण्मयीचा. त्यावरून तिनं लहानपणी चुलतभावाचा शर्ट फाडला होता. "कोपऱ्यातला वेगळा लागतो," म्हणायची. मला कधी फरक कळला नाही. मला चहा आणि काढा यातलाही कळत नाही.

या मे महिन्यात मृण्मयी पुण्याहून आली. बरोबर जावई मंदार आणि नात सई. आल्या आल्या मृण्मयीनं जाहीर केलं,

"बाबा, रविवारी सईचा वाढदिवस इथं करू. सोमवारी तुम्ही आमच्याबरोबर पुण्याला."

"किती दिवस?"

"कायमचं."

"का?"

तिनं फ्रीज उघडला. आत एक लिंबू होतं. होळीच्या वेळचं.

"म्हणून!" ती म्हणाली. "आई गेल्यापासून या घरात चूल पेटते का? आणि वाढदिवसाचे पॅटिस मी मागवतेय. जालना रोडला नवी बेकरी झालीय, घरपोच देतात."

"विकतचे?" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्यांचा कुकर वाजायचा थांबला. "या घरात विकतचा पॅटिस कधी आलेला नाही! मी करीन! घरी!"

अजिंठ्याहून आलेली मुक्ताआक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "दत्तू, तुला भाकर उलथता येत नाय आन् तू पॅटिस करतो व्हय?"

"करतो! सगळ्यांनी खाल्ले तर मी इथंच राहणार. नाही खाल्ले तर सोमवारी गाडीत बसतो. गपगुमान!"

"ठरलं," मृण्मयी म्हणाली. आक्का उठली आणि माझी बॅग भरायला लागली.

यमुनाची वही काढली. बाई लिहिण्यात मोठी काटकसरी. पॅटिसला सगळ्या चार ओळी! 'मैदा, मीठ, डालडा. लाटून घडी, गार करून परत घडी. बटाटा-वाटाणा नेहमीसारखा. लवंग दोन, कोपऱ्यात.'

नेहमीसारखा म्हणजे कसा, हे विचारायला आता कोणी नव्हतं. पण मी शेंद्र्याच्या कंपनीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस! लिहिलं असेल तसं करायचं, शंका काढायची नाही.

पीठ भिजवलं. बाहेर बेचाळीस डिग्री. डालडा लावला की वितळून कोपरापर्यंत येई. गार करायचं कुठं? आमचा फ्रीज असा की त्यात लोण्याचं तूप होतं. मग मला युक्ती सुचली! घरातली सगळ्यात गार जागा कोणती? कूलर! पिठाच्या गोळ्यावर भरपूर मैदा भुरभुरला, पांढऱ्या फडक्यात बांधला आणि मागची जाळी काढून आत टांगला. पुढच्या बाजूला मंदार वामकुक्षी घेत होता.

गाठ मी मारलेली. ती पाच मिनिटांत सुटली. फडकं पंख्याला लागलं आणि सगळा मैदा एकदम समोरच्या खोलीत! मंदार उठून बसला तो भिंतीसारखा पांढरा.

"बाबा," तो जावयाच्या मर्यादेनं म्हणाला, "काही होतंय का?"

"गार होतंय," मी म्हणालो.

गोळा सुखरूप होता. तो उचलून ओट्यावर ठेवतो न ठेवतो, तोच टँकरचा हॉर्न! सगळी गल्ली पाईप घेऊन पळाली. मीही पळालो. आमचा पाईप सांध्यात गळत होता. "आक्का, काहीतरी आण, पाणी चाललंय!" असं मी ओरडलो.

आक्कानं आणलं. सांध्यावर थापलं. एक थेंब गळेना! टाकी काठोकाठ भरली. मी खूश होऊन विचारलं, "काय लावलंस गं?"

"ओट्यावर पीठ पडलं होतं, त्यातलं दोन मुठी लावलं. लई चिवट हाये बघ."

त्या क्षणी मी समजून जायला हवं होतं. जे पीठ टँकरचं पाणी अडवतं, त्याला दात काय करणार! पण मी उरलेल्याचे बत्तीस पॅटिस केले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात दोन लवंगा, आतपर्यंत दाबून. घरातल्या लवंगा संपल्या. वाणी बन्सीशेठ पुडी बांधताना म्हणाला, "काका, दात लई दुखतोय का?"

मोहियोद्दीनभाईंच्या भट्टीवर ट्रे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"पंत, ये क्या किए? हर पॅटिस में लवंग?"

"वहीत आहे तसंच केलंय. लवंग दोन, कोपऱ्यात."

"अरे बाबा, ट्रेच्या कोपऱ्यात! ती निशाणी आहे निशाणी!" त्यांनी रांगेतले ट्रे दाखवले. एकाच्या कोपऱ्यात वेलदोडा, दुसऱ्याच्या कोपऱ्यात बदामाची फोड. "ईदला, दिवाळीला साठ-साठ घरांचे ट्रे येतात. चिठ्ठी लावली तर भट्टीत जळते. म्हणून हर घर की अपनी निशाणी. भाभी कोपऱ्यातल्या पॅटिसमधे दोन लवंगा खोचायच्या. लवंग जळली तरी लवंगच दिसते."

मग त्यांनी माझा ट्रे जवळ ओढला. "साल भर से दो लवंग नहीं आई थी," म्हणाले.



लवंगा उपसायला गेलो तर पॅटिस फाटायला लागले. तसेच भट्टीत गेले. बाहेर आले तेव्हा पदर कसले आणि काय! एक हातातून फरशीवर पडला. फरशीकडं बघावं लागलं.

मोहियोद्दीनभाईंनी काचेच्या कपाटाकडं बोट केलं. आत सोनेरी, फुगलेले, पदरापदरांचे पॅटिस. "पंत, बत्तीस ले जाओ. तुमच्याच ट्रेमध्ये लावून देतो. मैं किसी को नहीं बोलूंगा."

मी त्या कपाटाकडं बराच वेळ बघितलं. पुणं दिसत होतं मला. मग माझाच ट्रे उचलला.

संध्याकाळी ट्रे मधोमध ठेवला. कोणी हात लावेना. मंदारनं धीर केला. कट्ट असा आवाज आला! त्यानं गाल धरला. मिनिटभरानं म्हणाला, "दात दुखला, पण लगेच थांबला." औषध आतच होतं ना!

आक्कानं बॅगेची चेन लावली.

मृण्मयीनं एक उचलला, वास घेतला आणि थांबली. चावली. लवंग तोंडातून काढून हातावर ठेवली आणि तिच्याकडं बघत राहिली.

"बाबा, हा कोपऱ्यातला आहे."

"नाही गं, मधला आहे."

"कोपऱ्यातला आहे!" तिनं दुसरा उचलला. "हाही!" तिसरा तोडला. "बाबा, हे सगळेच कोपऱ्यातले आहेत!"

ती हसत होती आणि नाक पुसत होती. सईनं लगेच ट्रे स्वतःकडं ओढला. "मग सगळे माझे!" दोघी मायलेकी ट्रेवरून भांडायला लागल्या. आक्काला दात कमी, तिनं चहात बुडवून दोन संपवले. बत्तीसच्या बत्तीस गेले! लवंगांचा ढीग बशीत उरला.

सोमवारी सकाळी गाडी पुण्याला गेली. माझ्याशिवाय!

आता एक खरं सांगतो. त्या दिवशी भट्टीवरून निघताना मी विकतचे बारा पॅटिस गुपचूप घेतले होते. वेळ सांगून येत नाही. गव्हाच्या डब्यात लपवले होते. सोमवारी दुपारी एकट्यानं खाल्ले. चांगले होते. आमच्यापेक्षा बरेच चांगले होते!

मोहियोद्दीनभाई परवा भेटले. दिवाळीला ट्रे आणणार असाल तर निशाणी काय लावायची, दोन लवंगाच की तुमची वेगळी, असं विचारत होते. सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.