आईसाहेबांकरिता गाडी ठेंगणी केली त्याची हकीकत

श्री. ज्याचे वाहन सकळ देवांच्या वाहनांत बुटके, ज्यावर बसावयास ना रिकीब लागे ना शिडी, त्या मूषकवाहन गजाननास आधी नमस्कार. आणि ज्यांच्या कृपेने माणसास आपल्या अंगात हाडे किती हे आपोआप कळते, त्या आमच्या मुलखाच्या रस्त्यांसही दुरून एक नमस्कार. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी या राज्यात जे वर्तमान घडले ते यथामती लिहितो. लिहिणार कोण हे पुसू नये. घरातलाच आहे, घरचे मीठ खाल्ले आहे, इतके पुरे.

घाटमाथ्यावरील एका गावी महाराज राज्य करीत होते. राज्य म्हणजे पाण्याच्या पंपांचे दुकान, त्यामागे चार खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड, आणि शेडेत गाडी. ही गाडी महाराजांचे वडील थोरले महाराज यांनी हयातीत मोठ्या हौसेने घेतली. ऐसी उंच की दारात उभी राहिली तर शेजाऱ्यांचा उजेड अडे. आईसाहेब बोलिल्या, "एवढा हत्ती कशाला आणला?" तेव्हा थोरले महाराज हसोन बोलिले, "आगं, उंच गाडीत खड्डा कळत न्हाई. तुला तुझ्या अक्काकडं न्यायची हाय." आणि मग दोन महिन्यांत थोरले महाराज कैलासवासी जाहले, आणि पुढे वर्षाने आईसाहेबांचे न्हाणीघरात घसरोन खुब्याचे हाड मोडले, आणि वैद्यांनी आत पोलादाचा गोळा बसवोन आज्ञा केली की गाडीत बसताना पाय उचलोन चढू नये, आधी पाठमोरे होऊन बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावे. आज्ञा उत्तम होती, परंतु गाडीची बैठक, आईसाहेबांस टेकता यावे त्याहून चार बोटे वर. पाठमोरे बसावे तरी कशावर? येणेप्रमाणे जी गाडी आईसाहेबांकरिता आली, तीत आईसाहेबांसच प्रवेश राहिला नाही.

आता अक्कासाहेबांची हकीकत. या आईसाहेबांच्या थोरल्या भगिनी, घाटाखाली समुद्रकिनारी दिलेल्या, यजमान अंथरुणास खिळलेले, सबब त्यांस उंबरा सोडोन चढण चढता येईना. दोघी भगिनी रोज दिवेलागणीस फोनावर ऐशा ओरडोन बोलत की फोन नसता तरी चालले असते. त्या मार्गशीर्षात अक्कासाहेब बोलिल्या, "डोळ्यांत काचबिंदू हाय म्हणं. कडंनी अंधार येत चाललाय. उजेड हाय तवर एकदा येऊन जा गं, तुझं तोंड बघू दे." आईसाहेब बोलिल्या, "फोनात बघ की." अक्कासाहेब बोलिल्या, "फोनात बोटाएवढी दिसतीस, ती बी धुरकट." त्यावर आईसाहेब, "येते, थंडी सरू दे," ऐसे बोलोन फोन ठेवित्या जाहल्या आणि मग बराच वेळ पदराने चष्मा पुशीत बसल्या. चष्मा आधीच स्वच्छ होता. हे महाराजांनी दारातून पाहिले.

मग मसलत बसली. कारभारी म्हणजे महाराजांचे मेहुणे सर्जेराव, मनाचे निर्मळ, अंगी उत्साह फार, ऐकणे कमी. त्यांनी सल्ला दिला की पाट ठेवावा. पाट ठेविला, आणि आईसाहेब काठी धरोन पाठमोऱ्या पाटावर चढू गेल्या तो पाट सरकला. राणीसाहेब मागे होत्या म्हणोन त्यांनी कवळ घालोन सावरिले. आईसाहेब हसल्या आणि बोलिल्या, "ह्या वयात मला पाटावर बसवून हळद लावताय काय?" सर्व हसले, आणि आईसाहेब आत जाऊन दार लावोन निजल्या. दुसरी ठेंगणी गाडी भाड्याने आणावी असे निघाले तेव्हा दाराआडून उत्तर आले की, "ह्यांनी माझ्यासाठी घेतलेली गाडी दारात असताना परक्याच्या गाडीत मी बसणार न्हाई." तेव्हा महाराज उठोन उभे राहिले आणि बोलिले, "आई वर चढत न्हाई, तर गाडी खाली येईल."

इलाही शिकलगार म्हणोन मिस्त्री, नाक्यावर त्यांचे गॅरेज. गाड्या खाली पाडण्यात, म्हणजे ठेंगण्या करण्यात, त्यांची कीर्ती मोठी; गावची तरुण मंडळी त्यांजकडून गाडी ऐसी पाडून घेत की खालून लिंबू घरंगळविले तर अडकावे. महाराज पन्नाशीचे, ढेरी सुटलेली, ते गाडी खाली करावयास आले हे वर्तमान गावात पसरताच हलकल्लोळ जाहला. कोणी म्हणे म्हाताऱ्यास चळ लागला, कोणी म्हणे पोरांच्या शर्यतीत उतरणार. महाराजांनी कोणास कारण सांगितले नाही. इलाही मिस्त्री बोलिले, "काळजी नको, साहेब. रस्त्याला चिकटवून देतो." महाराज बोलिले, "चिकटवू नको बाबा, चार बोटं पुरे. आणि आत बसल्यावर कळायला नको." मिस्त्रींनी हे पहिले ऐकिले आणि दुसरे कानामागे टाकिले. त्यांच्याकडे आजवर आलेल्या कोणी मागच्या बाकावरची गोष्ट काढिलीच नव्हती. त्यांनी जुन्या स्प्रिंगा काढोन आखूड आणि कडक स्प्रिंगा घातल्या, धक्के झेलणारे शॉकअप मात्र जुनेच ठेविले. आणि टायर झिजले होते, सबब नव्या चाकांची गरज पडली. महाराज दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत, तेथूनच सर्जेरावांस आज्ञा केली, "चाकं उंची पाहून आणा."

येथे घात जाहला. महाराजांचे मनात, चाकांची उंची मोजोन आणा, की गाडी पुन्हा वर न जावी. सर्जेरावांनी ऐकिले, उंची चाके पाहोन आणा. जैसी उंची शालू, उंची अत्तर, तैसी उंची चाके. ते शहरास गेले आणि सबंध बाजार पालथा घालोन सर्वांत उंची चाके घेऊन आले: अलॉयची, आरशासारखी चकाकणारी, रिंग एवढाली थोरली, आणि तिच्याभोवती टायर म्हणाल तर काकडीची साल. महाराज संतापले. आणि मग चाके बसवोन गाडी उन्हात उभी केली तेव्हा महाराज तिच्याभोवती दोनदा फिरोन आले. महाराजांसही ती चाके मनापासून आवडली, हे लपवोन बखर लिहिणे म्हणजे पाप आहे. माणूस आहे, मोह पडतो.

मग सुमुहूर्तावर आईसाहेबांची स्वारी निघाली. आईसाहेब पाठमोऱ्या जाहल्या, टेकल्या, दोन्ही पाय आत घेतले, आणि आपोआप आत! महाराजांचे डोळे भरोन आले. महाराज सारथ्यास, राणीसाहेब मागे आईसाहेबांशेजारी. नाक्यापर्यंत जाऊन आले. वाटेत महाराजांनी पुशिले, "आई, कसं वाटतंय?" उत्तर, "लोण्यावानी." पुन्हा पुशिले, उत्तर, "मस्त." महाराज धन्य जाहले, आणि सर्जेराव चाकांवरून हात फिरवोन म्हणाले की उंची ती उंचीच. परंतु त्या संध्याकाळी आईसाहेबांनी अक्कासाहेबांचा फोन उभ्यानेच घेतला.

राणीसाहेबांनी ते पाहिले. त्या सासूस आत्याबाई म्हणत, त्या मुलखाची रीतच तैसी. त्या महाराजांस स्वयंपाकघरात बोलावोन म्हणाल्या, "आत्याबाई खोटं बोलत्यात. दगड न् दगड बसत होता त्यांना. विचारल्याबिगर गाडीत एक शब्द बोलल्या न्हाईत." महाराज बोलिले, "मस्त म्हणाली की." राणीसाहेब बोलिल्या, "तुमच्या आईनं जन्मात कधी 'दुखतंय' म्हटलंय? विचारलं तर मस्तच म्हणणार. विचारू नका. आत्याबाई सुखात असल्या की बोलत्यात, दुखलं की गप बसत्यात. एवढी वर्षं नांदतेय, मला कळतं." महाराज चाळीस वर्षांवर आईच्या हातचे जेवले होते, परंतु ही गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती. ते लाजिले.

दुसरे दिवशी राणीसाहेब सारथी आणि महाराज मागे, जेथे आईसाहेब बसल्या तेथेच बसले. आजवर महाराज त्या गाडीत मागे कधी बसलेच नव्हते. ज्याच्या हाती चक्र असते त्यास मागच्याचे खड्डे लागत नाहीत. बसस्थानकापुढील खड्ड्यांनी पहिली चाल केली, मग पोष्टापुढील गतिरोधकाने खालून तडाखा दिला, आणि मग खडीच्या रस्त्यावर ऐसी चकमक उडाली की महाराजांचे दात दातांवर वाजले. पाण्याच्या टाकीपाशी महाराज शरण आले आणि बोलिले, "थांबव गं." उतरोन कमरेस हात लावोन उभे राहिले आणि थोरल्या महाराजांचे बोलणे आठवोन, "बाबांनी खड्डा कळू नये म्हणून घेतली आणि मी खडासुद्धा कळंल अशी करून ठेवली," ऐसे म्हणोन रस्त्यावरच रडले. राणीसाहेबांनी येणाऱ्याजाणाऱ्यांस धूळ गेली म्हणोन सांगितले.

मग गाडी पुन्हा इलाही मिस्त्रींकडे गेली आणि या वेळी महाराजांनी सर्व खरे सांगितले. मिस्त्री बोलिले, "आधी सांगायचं न्हाई का, अम्मीसाठी हाय म्हणून? मी समजलो तुम्हाला मिरवायचंय." दोघे जमिनीवर बसोन वाद घालू लागले. स्प्रिंग मऊ घ्यावी तर गतिरोधकावर गाडीचे पोट घासणार. कडक घ्यावी तर आईसाहेबांचा खुबा दुखणार. शेवटी तह जाहला तो ऐसा: चार बोटांऐवजी तीनच बोटे खाली यावे, उरलेल्या बोटासाठी मागील बैठकीचा फोम थोडा कापोन घ्यावा, नव्या स्प्रिंगेस तिच्याच जोडीचे नवे शॉकअप द्यावे, म्हणजे एकदा दबली की गाडी उगाच डुलत राहणार नाही, आणि चाकाची रिंग लहान, टायर जाड, गुबगुबीत, म्हणजे लहानसहान धक्का रबरानेच गिळावा.

सर्जेरावांची चाके उतरली तेव्हा सर्जेराव रुसोन जेवावयास आले नाहीत. महाराज स्वतः त्यांच्या दारी गेले आणि म्हणाले, "चाकं झकास होती, पाव्हणं. चूक माझ्या बोलण्याची." सर्जेराव बोलिले, "तुमची आई म्हणजे माझ्या आईच्या जागी. मला वाटलं तिला सगळ्यात भारी ते मिळावं." महाराजांनी त्यांस मिठी मारिली, आणि मग ते दोघे वाटाण्याची उसळ जेवले.

पुढे काही दिवस आईसाहेबांस निरनिराळ्या निमित्तांनी फिरविले: कधी भाजीस, कधी देवास, कधी कोणाच्या बारशास. कसे वाटते हे कोणी पुशिले नाही. महाराज फक्त कान देत. पहिल्या फेरीस आईसाहेब टाकीपर्यंत बोलिल्या आणि खडी लागताच गप्प जाहल्या; मिस्त्रींनी टायरातील हवा थोडी उतरविली, जितकी कंपनीने लिहिली होती तितकीच ठेविली. पुढील फेरीस त्या खडीवरही बोलत राहिल्या: कोणाची सून कैसी, कोणाच्या लग्नात भात कच्चा राहिला, कोणी आहेर परत नेला. जाताना बोलिल्या, येताना बोलिल्या, शेडेत गाडी उभी राहिली तरी बोलतच होत्या. महाराजांनी इलाही मिस्त्रींस पेढे धाडिले.

पौष लागण्यापूर्वी स्वारीने घाट उतरोन कोकणात कूच केले. आईसाहेब अर्ध्या घाटापर्यंत बोलिल्या आणि मग राणीसाहेबांच्या खांद्यावर मान टाकोन घोरू लागल्या. अक्कासाहेब अंगणात उभ्याच होत्या. आईसाहेब उतरल्या. अक्कासाहेबांनी त्यांचे तोंड दोन्ही हातांत धरिले आणि उजेडाकडे वळविले, आणि अगदी जवळ येऊन, जैसे धान्य निवडावे तैसे पाहू लागल्या. बोलिल्या, "पांढरी झालीस गं. कपाळावरची खोक अजून हाय की." आईसाहेब बोलिल्या, "तूच ढकलली होतीस." आणि दोघी रडल्या.

दुपारी महाराज दोघींस समुद्रावर घेऊन निघाले. यजमानांपाशी राणीसाहेब बसल्या. वाटेत ओढ्याच्या मोरीपाशी महाराजांची नजर चुकली आणि चाक खड्ड्यात गेले. तत्क्षणी मागून गर्जना जाहली, "आरं हळू की मुडद्या! डोळं फुटलं काय तुझं? अक्काला धक्का बसतोय!" महाराजांनी गाडी थांबविली. ज्या आईने स्वतःसाठी कधी ब्र काढिला नाही, तिने बहिणीसाठी भर रस्त्यात शिवी दिली. महाराज हात जोडोन बोलिले, "चुकलो." अक्कासाहेब म्हणाल्या, "आगं त्याला का वरडतीस? मला कळलं सुद्धा न्हाई." तेव्हा महाराज मनात समजले की हे घराणेच ऐसे आहे, आणि त्यापुढे बैलगाडीच्या चालीने चालिले.

किनाऱ्यास गाडी समुद्राकडे तोंड करोन उभी केली. सूर्य कलला होता, पाण्यावर सोने पसरले होते. महाराज बोलिले, "मावशी, दर्या बघा." अक्कासाहेब आईसाहेबांकडेच तोंड करोन बसल्या होत्या. त्या बोलिल्या, "दर्या मला ऐकू येतो रं बाबा. हिचं तोंड ऐकू येत न्हाई. बघू दे मला." मग महाराज गाडीतून उतरोन वाळूत लांब जाऊन उभे राहिले, आणि अंधार पडल्यावरच गाडीकडे वळले.

सारांश लिहितो. त्यानंतर दर महिन्यास स्वारी घाट उतरू लागली. चैत्रापर्यंत अक्कासाहेबांस दिसत होते, पुढे दिसेनासे जाहले. महाराज आजही दोघींस मागे बसवोन समुद्रावर नेतात. आईसाहेब काचेबाहेर पाहात बसतात आणि दिसेल ते मोठ्याने सांगतात: आंब्यास मोहोर आला, शाळा सुटली, बाई छत्री घेऊन चालली. आणि पुढे खड्डा दिसला की अक्कासाहेबांच्या हातावर हात ठेवोन म्हणतात, "अक्का, खड्डा आला गं." महाराज ते ऐकतात आणि गाडी आणखी हळू करतात. येथवर पाहिले ते लिहिले. वाचणारांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस सुखाची बैठक लाभो.