दुसरी चूक

चौथीच्या फळ्यावर अध्यापक महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी पहिली चूक ठरल्याप्रमाणे केली. सहा साते अठ्ठेचाळीस. मागच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बारा भावी शिक्षकांना ती आधीच माहीत होती. निरीक्षणवहीत तिच्यासाठी रकानाही आखलेला होता. चुकलं तरी खचायचं नाही हे मुलांना शिकवायचं, तर शिक्षकानं मुद्दाम चुकावं आणि मुलांनी पकडलं की हसून आभार मानावेत, अशी सरांची पद्धत. तिचाच हा आदर्श पाठ.

"सर, बेचाळीस!" वर्ग ओरडला.

"अरे व्वा! चुकलोच की मी! आभारी आहे हं!" सर इतके गोड हसले की मागे बारा पेनं एकदम चालली.

त्या भरात सरांनी पुढचं गणितही स्वतःच सोडवलं. तेरा साते सत्त्याण्णव.

"सर, एक्क्याण्णव," पहिल्या बाकावरची, पुढचा दात पडलेली मुलगी म्हणाली.

ही चूक आराखड्यात नव्हती.

"सत्त्याण्णवच. नीट बघ."

"बघितलं. तेरा सात वेळा मिळवले. एक्क्याण्णवच येतात."

"तुझ्या बाबांच्या जन्माआधीपासून पाढे म्हणतोय मी!"

"मग आता विसरलात वाटतं," मुलगी काळजीनं म्हणाली.

वर्ग फिस्सकन हसला. सरांचे कान तापले. "बाहेर! दाराबाहेर उभी राहा!"

ती गेली. तिचं तोंड कायमचं बंद करायला सरांनी फळ्यावर तेराची बेरीज मांडली. सातव्या तेराला एक्क्याण्णव आले. खडू हवेतच राहिला. नशिबानं घंटा झाली.

मागे टाळ्यांचा कडकडाट. "काय अभिनय केलात सर!" बारा जणांतली सर्वांत हुशार विद्यार्थिनी धावत पुढे आली. "चूक न पचवणारा शिक्षक अगदी हुबेहूब! मला तर खरंच राग आला तुमचा."

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "हं. आलं ना लक्षात?"

दाराबाहेर मुलगी भिंतीला चिकटून बोटांवर मोजत होती. तेरा, सव्वीस, एकोणचाळीस... आपलंच कुठेतरी चुकलं असणार, अशी आता तिचीच खात्री होत चालली होती. सरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ते तिच्यापुढे उकिडवे बसले. "बाळ, तुझं बरोबर होतं. चुकलो मी, आणि वर तुलाच ओरडलो. ते नाटकबिटक काही नव्हतं गं."

"खरंच?"

"अगदी खरं." सरांनी स्वतःचे कान पकडले.

"थांबा रे, पाठ संपला नाहीये," मागे दारात गोळा झालेल्या भावी शिक्षकांतून कुजबुज आली. "माफी कशी मागायची तेही दाखवताहेत सर."

आणि बारा वह्यांची पानं एकदम उलटली.